चढणीचं शिल्प

वेरूळचा कैलास पाहताना आपण डोंगराच्या पोटात शिरतो. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी कडा वरून खाली कोरत नेला आणि डोंगरातून देऊळ मोकळं केलं. त्यानंतर साधारण चार शतकांनी, थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान पठारावर, ख्मेर स्थपतींनी शिवासाठी आणखी एक कैलास उभा केला. त्यांनी डोंगराला छिन्नी लावली नाही. डोंगर होता तसाच ठेवला, त्याच्या माथ्यावर देऊळ बसवलं, आणि माणसाने तिथवर कसं यावं हे पावला-पावलाने ठरवून दिलं. या देवळाचं नाव फनोम रुंग. बँकॉकपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, बुरीराम प्रांतातल्या चलेम फ्रा कियत या भातशेतीच्या तालुक्यात ते उभं आहे.

फनोम रुंगची छायाचित्रं पुष्कळांनी पाहिलेली असतात. गुलाबी दगडाचं शिखर, त्यापुढे पायऱ्या, निळं आभाळ. छायाचित्रात येत नाही ती या देवळाची खरी करामत. इथलं सर्वांत मोठं शिल्प एखाद्या दगडावर शोधून सापडणार नाही, ते चढणीत आहे. किती चालल्यावर काय दिसावं, काय लपावं, नजर कुठे वर जावी आणि कुठे पायाशी यावी, याचा असा बारीक विचार केलेली वास्तू विरळाच. म्हणून तिचं रसग्रहणही पायांनीच, खालून वर करायला हवं.

आधी डोंगर. फनोम रुंग हा विझलेला ज्वालामुखी आहे. बुरीराम प्रांतात असे सहा विझलेले ज्वालामुखी मोजले जातात, त्यांपैकी हा एक. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ४०० मीटरांच्या आसपास, आणि भोवतीच्या भातखाचरांपासून जेमतेम निम्मी. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा डोंगर पहिल्या नजरेत डोंगर वाटणारही नाही. सुळके नाहीत, कडे नाहीत. सपाट मुलखातून हळूहळू वर आलेला एक रुंद उंचवटा. खडक मात्र ओळखीचा, दख्खनसारखाच काळा बेसाल्ट. स्थपतीने नेमका हाच डोंगर का निवडला असेल, हे माथ्यावरून कळतं. आजूबाजूला नजर अडवणारं काही नाही. दक्षिणेला कंबोडियाच्या सीमेवरची डांगरेक रांग क्षितिजावर रेघेसारखी दिसते. शिवाय जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट मुखात पाणी साठतं, त्यामुळे एवढ्या उंचीवर पूजा आणि वस्ती दोन्ही शक्य झाली. उंची कमी, पण एकटेपण पूर्ण. कैलास दाखवायला किती उंची लागते, याचा अंदाज इतका अचूक क्वचित बांधला गेला असेल.

दगडाची निवड त्याहून सूक्ष्म आहे. पायाखाली बेसाल्टचा आख्खा डोंगर असताना देवळासाठी तो जवळजवळ वापरलेलाच नाही. शिखर, मंडप, द्वारशाखा, कोरीवकाम हे सगळं गुलाबी छटेच्या वालुकाश्माचं. हा दगड दक्षिणेला बान क्रुअत भागातल्या खाणींतून आणला, असं मानतात. तिथे अर्धवट कापून सोडलेले ठोकळे आणि सरळ कापाच्या खुणा आजही दिसतात. जिथे ओझं पेलायचं आहे, पावलं पडायची आहेत, तिथे मात्र जांभा आहे. होय, आपल्या कोकणातला जांभाच. जमिनीतून काढताना मऊ, हत्याराला सहज वश होणारा, आणि उन्हावाऱ्यात राहिला की दिवसेंदिवस कडक होत जाणारा. चिरेखाणीवर राबलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते वाटणीचं. भोकाभोकांच्या जांभ्यावर बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून त्याला भार वाहायला लावलं. वालुकाश्मात पापणीची रेघसुद्धा उमटते, म्हणून त्याला बोलायला लावलं. प्रत्येक दगडाकडून त्याचंच काम घेणं ही गवंड्याची सभ्यता आहे, आणि ती इथे पायथ्यापासून शिखरापर्यंत पाळलेली आहे.

आता पूर्वेकडून चालायला लागू. देवळाकडे जाणारा सरळ, फरसबंद मार्ग सुमारे १६० मीटर लांब आहे. त्याच्या दोन्ही कडांना कमळकळीच्या आकाराची डोकी असलेले वालुकाश्माचे सत्तर खांब. खांबांची उंची १.६० मीटर, म्हणजे साधारण माणसाच्या नाका-डोळ्यांइतकी. हे माप नीट पाहावं. खांब आणखी उंच असते तर वाट बोळासारखी कोंडली असती. गुडघ्याएवढे असते तर नजर बाजूच्या झाडीत भटकली असती. या उंचीमुळे दोन्हीकडची झाडं दिसत राहतात आणि नजर मात्र पुढेच राहते. देऊळ वर, पायऱ्यांच्या पलीकडे दिसत असतं, पण वाट घाई करू देत नाही. सारखंच अंतर, सारखाच खांब, पुन्हा तेच अंतर. विलंबित ख्यालात गवई पहिली आवर्तनं जशी केवळ स्वर बसवण्यासाठी घेतो, तशी ही १६० मीटरची चाल माणसाची लय बसवण्यासाठी आहे. मार्गाच्या शेवटाशी येईतो श्वास संथ झालेला असतो, आणि हे कुणी सांगितलेलं नसतं.

मार्ग संपतो तिथे पहिला नागसेतू आहे. अधिक चिन्हाच्या आकाराचं उंच जोतं, आणि त्याचे कठडे म्हणजे नागांची लांबच लांब शरीरं. ख्मेर कल्पनेत हा माणसांच्या जगातून देवांच्या जगात जाण्याचा पूल. पुलाखाली पाणी नाही. ओलांडायचं आहे ते दोन जगांमधलं अंतर. कठड्याच्या टोकाशी नाग पाच फणे उभारून थांबतो. तिथे आपणही थांबून जरा वाकावं. पाचही फण्यांवर कोरीव मुकुट आहेत आणि ते कडेने एकमेकांत गुंतवलेले आहेत, त्यामुळे पाच डोक्यांची मिळून एकच अखंड महिरप तयार होते. प्रत्येक डोकं स्वतंत्र, तोंडांचे दात सुटे, पण बाह्यरेषा एक. ही बाराव्या शतकातली, अंगकोर वाटच्या काळातली घडण. आता सेतूच्या मधोमध पायाशी पाहा. फरशीवर आठ पाकळ्यांचं कमळ कोरलेलं आहे, उथळ रेषांचं, सहज नजरेतून सुटणारं. आठ पाकळ्या म्हणजे अष्टदिशा. इतका वेळ समोर लागलेली नजर इथे पहिल्यांदा खाली येते, आणि आपण दिशांच्या मध्यावर उभे आहोत हे उमगतं. कमळ भिंतीवर कोरलं असतं तर ते नक्षी ठरलं असतं. पायाखाली कोरल्यामुळे ते माणसाची जागा सांगतं.

सेतूपलीकडे चढ आहे, पाच टप्प्यांत विभागलेला. प्रत्येक टप्प्यानंतर दोन्ही बाजूंना मोकळी सपाटी. इथली युक्ती वास्तुशास्त्राइतकीच नाट्यशास्त्राची आहे. लांबून शिखर स्पष्ट दिसत होतं. पायऱ्यांच्या तळाशी आलं की पायऱ्यांची कड मध्ये येते आणि देऊळ खालून झाकलं जातं. एक टप्पा चढावा, शिखराचा थोडा भाग परत मिळावा. दुसरा चढावा, आणखी थोडा. देऊळ आपल्याकडे येत नाही आणि पूर्ण नाहीसंही होत नाही. पायऱ्या चांगल्या उभ्या आहेत, त्यामुळे चढताना मान आपोआप झुकलेली राहते. नमस्कार करण्याआधीच शरीर नमस्काराच्या बेतात आलेलं असतं. भक्ताला वाकायला सांगावं लागू नये अशी पायरी बांधणं हे मोठ्या स्थपतीचंच काम.

वर दुसरा नागसेतू, मग चहूबाजूंच्या ओवऱ्यांचं पूर्वेचं दार, आत तिसरा नागसेतू, आणि समोर मंडपाचं पूर्वमुख. फनोम रुंगचा आत्मा इथे आहे. दारावर दोन शिल्पं एकावर एक बसवलेली आहेत आणि ती एकत्रच वाचायला हवीत. वरच्या त्रिकोणी चौकटीत दशभुज नटराज नाचतो आहे. खाली आडव्या उत्तरांगावर शेषशायी विष्णू झोपलेला आहे.

नटराजाकडे आधी बघू. चोळांच्या कांस्यमूर्तींनी आपल्या डोळ्यांना एक सवय लावली आहे: ज्वालांचं वलय, पायाखाली अपस्मार. ख्मेर शिल्पकाराला यांतलं काहीच लागलं नाही. त्याने गुडघे बाहेर वळवले, देहाचा भार खाली ओढला आणि दहा हात दोन्ही अंगांना क्रमाक्रमाने उलगडले. वलयाचं काम चौकट करते. चौकटीची लाटांसारखी वर-खाली होणारी कड हे पुन्हा नागाचंच अंग आहे; दोन्ही टोकांना ते फणे काढून उभं राहतं. खाली सेतूवर ज्याच्या अंगावर हात ठेवला होता तोच नाग आता देवाच्या नृत्याला मर्यादा घालतो आहे. मूर्ती झिजलेली आहे, काही भाग गेलेले आहेत. तरीही खांद्यापासून कमरेपर्यंतचा झोक इतका जिवंत आहे की उरलेलं नृत्य डोळे स्वतःच पुरं करतात.

आता खाली, उत्तरांगावर. विष्णू कुशीवर पहुडलेला, खाली अनंत, आणि अनंताखाली ड्रॅगनसारखा एक प्राणी, जो आपल्या शेषशायी मूर्तींत भेटत नाही. पायाशी लक्ष्मी. नाभीतून निघालेला कमळाचा देठ वर जातो आणि त्याच्या फुलावर ब्रह्मा बसलेला आहे. कथा आपल्या घरची, त्यामुळे ‘ओळखलं’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. तसं करू नये. विष्णूच्या देहाची आडवी रेषा पाहा. तीत कुठेही ताण नाही. डोकं हातावर टेकलेलं, गुडघे किंचित सैल. दगडाच्या लांबट पट्टीत झोपलेली आकृती बसवणं सोपं. झोपेचं वजन दाखवणं अवघड. इथे ते वजन दिसतं. नंतर नजर बाजूला न्यावी. तिथे पानाफुलांच्या माळा ओकणारं कीर्तिमुख आहे, आणि त्या दाट पानांत कारागिराने स्वतःची हौस पुरवून घेतली आहे. पोपटांची एक जोडी आहे. पिल्लाला पोटाशी धरलेली एक माकडीण आहे. विश्व अजून उत्पन्न व्हायचं आहे, ब्रह्मा नुकताच कमळावर येऊन बसला आहे, आणि कडेच्या पानांत एक आई आपलं पोर सांभाळते आहे. सृष्टीचं प्रयोजन सांगायला याहून लहान आणि याहून मोठी आकृती सुचणं कठीण.

ही दोन शिल्पं अशीच एकावर एक का? वर नृत्य आहे, त्यात विश्वाचा लय आहे. खाली निद्रा आहे, तिच्यातून विश्वाची उत्पत्ती होते. आणि त्याखाली काय आहे? दार. दारातून सरळ आत, मंडप आणि अंतराळ ओलांडून, गर्भगृहात शिवलिंगाची जागा. नजर वरून खाली आणली की क्रम लागतो: वेगवान देह, निश्चल देह, आणि मग देहच नाही. हात दहांवरून चारांवर येतात आणि चारांवरून शून्यावर. शैवांच्या देवळाच्या कपाळावर विष्णूला इतक्या मानाने निजवणारी ही उदारता डोळ्यांत भरते, आणि ती भाबडी नाही. तिच्यामागे पक्की तात्त्विक मांडणी आहे.

या उत्तरांगाचा अलीकडचा इतिहासही त्याच्या अर्थात मिसळून गेला आहे. १९६०च्या दशकात ते इथून चोरीला गेलं आणि पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आढळलं. ते परत मिळावं म्हणून थायलंडमध्ये मोठी लोकचळवळ झाली. काराबाओ या लोकप्रिय वाद्यवृंदाने त्यावर गाणं केलं. मे १९८८ मध्ये राजकन्या सिरिंधोर्न यांच्या हस्ते फनोम रुंग ऐतिहासिक उद्यान खुलं झालं तेव्हा मूळ उत्तरांग परदेशीच होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते परतलं आणि आपल्या दारावर बसलं. संग्रहालयातल्या कपाटात तो एक सुंदर शेषशायी होता. वर नटराज आणि खाली दार मिळाल्यावर ते पुन्हा वाक्य झालं.

आत शिरल्यावर उजेड झपाट्याने कमी होतो. आपल्या जुन्या देवळांप्रमाणेच ख्मेरही खऱ्या कमानीचं तंत्र वापरत नव्हते. ते दगडाचे थर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे पुढे काढत वर मिटवत. त्यामुळे दालनं अरुंद राहिली, आणि त्या अरुंदपणाचा त्यांनी गुण केला. गर्भगृहाकडे तोंड करून नंदी बसला आहे. लिंगावरचं अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी प्रणाल अजून आहे. देवळात शिरल्याबरोबर प्रणाल कुठे निघते ते पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना इथे एकदम आपल्या गावच्या देवळात आल्यासारखं होईल.

अंतराळातल्या दारावर एक उत्तरांग आहे, त्यावर पाच योगी ओळीने बसलेले. बाहेरच्या शिल्पांचा दिमाख इथे नाही. देव नाहीत, वाहनं नाहीत, युद्ध नाही. हे पाच जण कोण, यामागे देवळाच्या निर्मात्याची गोष्ट आहे. इथे सापडलेला संस्कृत शिलालेख नरेंद्रादित्याची हकीकत सांगतो. तो लिहवला त्याचा मुलगा हिरण्य याने. नरेंद्रादित्य हा महीधरपूर या ख्मेर राजघराण्यातला, अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याचा आप्त. राजासाठी लढाया लढल्यावर तो संन्यस्त झाला आणि या डोंगरावर योगी म्हणून राहिला. पाच योग्यांत मधला तोच, असं काही अभ्यासक मानतात. लकुलीश आणि त्याचे चार शिष्य ही पाशुपत शैवांची पाचांची परंपराही इथे आठवते. घारापुरी आणि जोगेश्वरीच्या लेण्यांत लकुलीश ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या ओळीत ओळखीचा सूर लागेल. सरदाराने देऊळ बांधलं आणि आपली आठवण ठेवली ती शस्त्र टाकून बसलेल्या माणसाची. बाहेरच्या दारावर विश्व आणि आतल्या दारावर विरक्ती, ही जागांची निवडच त्याचं चरित्र सांगते.

मध्यरेषेवर उभं राहून पूर्वेला पाहिलं तर दारांमागून दारं एका सरळ रेषेत दिसतात, एकूण पंधरा. वर्षातून दोनदा उगवता सूर्य या पंधराही दारांतून आरपार येतो: ३ ते ५ एप्रिल आणि ८ ते १० सप्टेंबर या सुमारास. मावळता सूर्य तसाच पश्चिमेकडून येतो ५ ते ७ मार्च आणि ५ ते ७ ऑक्टोबरच्या दिवसांत. सूर्य विषुवदिनी, म्हणजे मार्चच्या २१ च्या आसपास का येत नाही, असा प्रश्न चोखंदळ वाचकाला पडेल. उत्तर देवळाच्या रोखात आहे. देवळाचा अक्ष नेमका पूर्वेला नाही. तो पूर्वेपासून सुमारे साडेपाच अंश उत्तरेकडे कललेला आहे. म्हणून सूर्योदय विषुवदिनानंतर काही दिवसांनी त्या रेषेवर येतो, आणि सूर्यास्त विषुवदिनाच्या तितकाच आधी. एप्रिलमध्ये डोंगर चढण्याचा उत्सव भरतो, तेव्हा हा किरण पाहायला गर्दी लोटते. ढग आले तर काहीच दिसत नाही. तरीही पंधरा उंबरठे एका दोरीत ठेवणाऱ्या हाताची कमाल उरतेच. ती पाहायला सूर्य लागत नाही, भर दुपारीही ती दिसते.

बाहेर येऊन देवळाला प्रदक्षिणा घालावी. गोवर्धन उचललेला कृष्ण, नंदीवर बसलेले उमा-महेश्वर भेटत जातात. पश्चिमेला रामायण आहे. इंद्रजिताच्या नागपाशात जखडून पडलेले राम-लक्ष्मण, आणि ते पाहायला विमानातून आणलेली सीता. युद्धकांडातले कितीतरी पराक्रमाचे प्रसंग सोडून शिल्पकाराने मावळतीच्या बाजूला नेमका हा असहाय क्षण घेतला. आणि पाश कुणाचा? पुन्हा नागाचा. सेतूवर वाट दाखवणारा, चौकटीत नृत्य सांभाळणारा, विष्णूला शय्या देणारा नाग इथे बंधन होतो. एका प्राण्याकडून चार भूमिका करून घेतल्या आहेत आणि एकही दुसरीसारखी नाही.

शिखर सत्तावीस मीटर उंच. खालून ते एका फुगीर कळीसारखं वर मिटत जाताना दिसतं, पण वळणदार असा त्यात एकही थर नाही. थर सरळ पायऱ्यांचे आहेत. प्रत्येक थराच्या कडेवर आणि कोपऱ्यांवर त्रिकोणी कोरीव दगड उभे केले आहेत, आणि ते आतल्या बाजूला कलते ठेवले आहेत. पायरीची खाच त्यांनी झाकली जाते, आणि दूरच्या नजरेला सरळ रेषांचा गोलवा होतो. जवळ गेल्यावर आणखी एक गोष्ट कळते. चिरे आधी रचले, नक्षी नंतर जागेवर कोरली. म्हणून एखाद्या आकृतीच्या अंगावरून दोन चिऱ्यांचा सांधा आडवा जातो आणि कोरीव रेघ तो ओलांडून बिनदिक्कत पुढे जाते. चुना नाही, दगड दगडाशी घासून बसवलेला. सांध्यावरून धावणारी ती रेघ म्हणजे गवंडी आणि शिल्पकार यांच्या एकमेकांवरच्या विश्वासाचा कागद आहे.

आवारात नैर्ऋत्येला एक लहान, आधीचं देऊळ आहे. ईशान्येला त्याहूनही जुन्या विटांच्या देवळांचे तळ. दहाव्यापासून तेराव्या शतकापर्यंत या माथ्यावर काम चालू होतं. नव्याने जुन्याला पुसलं नाही. बाजूला जागा दिली.

हे सगळं आज उभं दिसतं त्याचं श्रेय थायलंडच्या ललितकला विभागाला आहे. १९७१ ते १९८८ अशी सतरा वर्षं इथे काम चाललं. ढासळलेले चिरे क्रमांक देऊन उतरवले, पाया मजबूत केला आणि प्रत्येक चिरा त्याच्या मूळ जागी परत रचला. जिथे जुना दगड मिळाला नाही तिथे नवा दगड साधा ठेवला, नक्षीचा आव आणला नाही. कोरं काय आणि कोरलेलं काय, हे आज डोळ्यांना चटकन कळतं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली रंगांचे थर चढलेली देवळं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या संयमाची किंमत सांगायला नको.

डोंगर उतरून सात-आठ किलोमीटरवर, प्राखोन चाय तालुक्यात, मुआंग तामचं देऊळ आहे. फनोम रुंगच्या मुख्य शिखराहून ते साधारण शतकभराने जुनं. ते पाहिल्याशिवाय वरचं देऊळ पुरतं कळत नाही, कारण इथे सगळी मांडणी उलट आहे. चढण नाही, उंची नाही. सपाट जमिनीवर, बाहेरची भिंत आणि आतल्या ओवऱ्या यांच्यामध्ये, चार कोपऱ्यांत काटकोनात वळलेली चार तळी. जांभ्याच्या पायऱ्या पाण्यात उतरतात आणि तळ्यांच्या काठाने नागांची शरीरं धावतात. या नागांची डोकी वरच्या सेतूवरल्या नागांशी ताडून पाहावीत. इथे मुकुट नाही, महिरप नाही. पाच गुळगुळीत, उघडी डोकी, ओल्या कातडीसारखी तुकतुकीत. वर नाग राजचिन्ह झाला आहे. इथे तो अजून पाण्यातला प्राणी आहे. शंभर वर्षांत एका आकाराचं वय कसं वाढलं, हे दोन डोकी शेजारी ठेवून शिकता येतं, आणि असा पाठ एका तालुक्याच्या अंतरात मिळणं भाग्याचं.

आत एका जोत्यावर विटांची पाच शिखरं होती, पुढे तीन, मागे दोन. मधलं मुख्य शिखर पडलं, त्याचा तळ राहिला आहे. पुढच्या उत्तरेकडच्या देवळाच्या उत्तरांगावर नंदीवर बसलेले शिव-पार्वती आहेत. कीर्तिमुखाच्या माथ्यावर नंदी, नंदीवर शिव, शिवाच्या मांडीवर उमा, अशी एकावर एक चढत गेलेली रचना. शिल्पकाराने उमेला शिवाला अगदी टेकून बसवलं आहे. विश्वाचा विचार वर डोंगरावर. खाली, पाण्याकाठी, संसार.

डोंगराच्या पायथ्याशी नोंग बुआ राय गावाजवळ जांभ्याचं एक छोटं, साधं देऊळ आहे. ख्मेर राजा सातव्या जयवर्म्याच्या आरोग्यशाळेचा तो भाग. लाकडी रुग्णालय केव्हाच नाहीसं झालं, त्याचं देऊळ राहिलं. अंगकोरमधल्या ता प्रोहम देवळाच्या ११८६च्या शिलालेखात या राजाच्या राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. तिथल्याच प्रिआ खान देवळाच्या ११९१च्या शिलालेखात अंगकोरहून फिमायला जाणाऱ्या रस्त्यावरच्या १७ विश्रामगृहांचा. तो रस्ता याच मुलखातून जात होता. त्यामुळे फनोम रुंगकडे एकाकी डोंगरी देऊळ म्हणून पाहणं अपुरं आहे. ते एका वाहत्या वाटेवरचं ठिकाण होतं; खाली थकलेल्याला औषध, वर तहानलेल्याला दर्शन.

विझलेल्या ज्वालामुखीने या भागाला आणखीही काही दिलं आहे. त्याच्या मातीतला सुगंधी भात बुरीरामचा म्हणून ओळखला जातो. चारोन सुक गावात ज्वालामुखीच्या मातीने कापड रंगवतात. तांबूस, मुरलेल्या रंगाचं, झगझगीत अजिबात नाही. जवळच्या खाओ अंगखान या दुसऱ्या विझलेल्या ज्वालामुखीवरच्या बौद्ध विहारात द्वारवती काळातल्या मोठ्या सीमाशिला उभ्या आहेत, काहींवर आकृती कोरलेल्या. फनोम रुंगहून कितीतरी आधी या माथ्यांना पवित्र मानणारी माणसं इथे होती.

२०१९ पासून फनोम रुंग, मुआंग ताम आणि प्लाय बात या देवस्थानांचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. शिक्का उमटेल तेव्हा उमटो. जाणाऱ्यांना एकच विनंती. वाहन वरच्या दारापर्यंत जातं, तिथून देऊळ चार पावलांवर आहे, आणि बरेच प्रवासी तसेच जातात. तसं करू नका. पूर्वेच्या पायथ्याशी उतरा, कमळकळ्यांच्या खांबांमधून चाला, सेतूवरच्या कमळापाशी थांबा आणि पायऱ्या एकेका टप्प्याने चढा. एक दुर्बीण जवळ ठेवा, दारावरची माकडीण नीट दिसेल. देऊळ बांधणाऱ्याने पहिला दगड तुमच्या पावलाखाली ठेवला आहे. तो वगळून पुढे गेलात तर फनोम रुंग पाहिलं असं म्हणता येणार नाही.